कामगार भरपाईची अपिले आणि सरकारी वकील: इंदूर खंडपीठातली पार्श्वभूमी

इंदूर खंडपीठात कामगार भरपाईचे अपील पुकारले गेले आणि अपीलकर्ते राज्य शासन असले, की समोरच्या वकिलाचा पहिला आक्षेप बहुधा ठरलेला असतो: रक्कम जमा केल्याचा दाखला जोडलेला नाही. तो खोटाही नसतो. अपघात कसा झाला, मजूर कोणाचा, त्याचे वय किती, हे सगळे त्यानंतर. सरकारी वकिलाचे निम्मे काम या दाखल्यामागे धावण्यात का जाते, हे समजायचे तर थोडे मागे जावे लागते.

फार मागे जाण्याची गरज नाही. १९२३ चा कामगार भरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून लागू झाला तो ब्रिटिश हिंदुस्थानात. होळकरांचे इंदूर आणि शिंद्यांचे ग्वाल्हेर तेव्हा त्याच्या कक्षेबाहेर होते. १९४८ मध्ये मध्यभारत झाला, १९५६ मध्ये मध्यप्रदेश झाला, उच्च न्यायालयाचे मुख्यपीठ जबलपूरला गेले आणि इंदूर-ग्वाल्हेरची खंडपीठे १९६८ मध्ये कायम झाली. आजही हद्दी जुन्या प्रांतांच्याच रेषेवर चालतात. खरगोनच्या कालव्यावर मजूर दगावला तर अपील इंदूरला. शेजारच्या खंडव्यात दगावला तर जबलपूरला.

इंदूर गिरण्यांचे गाव, म्हणून ही प्रकरणे गिरणी कामगारांचीच असणार असे बाहेरच्यांना वाटते. तसे नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) आलेल्या कामगाराला या कायद्याखाली दावाच करता येत नाही, त्यामुळे परदेशीपुऱ्याकडचा गिरणी कामगार या फायलींत सहसा सापडत नाही. सापडतात ते सार्वजनिक बांधकाम, सिंचन आणि नळपाणी खात्यांचे दैवेभो, म्हणजे दैनिक वेतनभोगी, आणि ठेकेदाराने आणलेले मजूर. सरकार म्हणजे काही धंदा नव्हे, हा बचाव कायद्याने सुरुवातीपासूनच बंद केला आहे: सरकारी खात्याचे काम हाच त्या खात्याचा व्यवसाय मानला जातो. ‘मजूर ठेकेदाराचा’ हे उत्तरही पुरत नाही. कलम १२ प्रमाणे आधी मूळ मालकाने, म्हणजे खात्याने पैसे द्यायचे आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायचे. ती वसुली पुढे कितपत होते, हा वेगळ्या लेखाचा विषय.

आता दाखला. १९३३ च्या दुरुस्तीने अपिलाच्या कलम ३० ला तिसरे परंतुक, म्हणजे पुरवणी अट, जोडले गेले: भरपाईच्या आदेशाविरुद्ध मालकाला अपील करायचे असेल, तर आदेशातली रक्कम जमा केल्याचा, भरपाई ठरवणाऱ्या कमिशनरचा दाखला अपिलासोबत हवा. मध्यप्रदेशात कमिशनरचे काम लेबर कोर्टाचे न्यायाधीश करतात, तेव्हा पैसे तिथे भरायचे आणि दाखला तिथूनच आणायचा. परंतुकात सरकारसाठी सवलत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २७, नियम ८-अ मध्ये सरकारकडून तारण मागू नये असे म्हटले आहे आणि त्याचा आधार सरकारी बाजूने घेतलाही जातो. पण तिथे प्रश्न स्थगितीचा आहे, इथे अपील दाखल होण्याचाच.

आणखी एक गुंता १९५९ चा. त्या वर्षी व्याज आणि दंडाचे कलम ४-अ आले, आणि त्यावरच्या अपिलासाठी कलम ३० मध्ये निराळे पोटकलमही आले. परंतुक मात्र जुन्या पोटकलमापुरतेच राहिले. मग भरायची ती नुसती भरपाई, की व्याज आणि दंडासकट सगळी रक्कम? वेगवेगळ्या उच्च न्यायालयांनी वेगवेगळी उत्तरे दिली. खाते अर्थात कमी रकमेच्या बाजूचे असते. कार्यपालन यंत्रीच्या, म्हणजे कार्यकारी अभियंत्याच्या, कार्यालयातून वकिलाला फोन येतो तो कायद्याची बारकाई विचारायला नव्हे, ‘कोणत्या हेडमधून (लेखाशीर्षातून) भरायचे’ हे विचारायला.

हे सगळे एका बाजूला आणि व्याजाची तारीख दुसऱ्या बाजूला. भरपाई ‘देय’ केव्हा होते, या एका प्रश्नाने सरकारी वकील, विमा कंपन्यांचे वकील आणि मजुरांचे वकील यांना जेवढे लढवले, तेवढे दुसऱ्या कशानेच नाही. कायदा म्हणतो, देय झाल्यापासून एका महिन्यात पैसे द्या, नाहीतर व्याज. १९५९ मध्ये हा दर साल सहा टक्के होता, १९९५ च्या दुरुस्तीने तो बारा झाला. त्याखेरीज मूळ रकमेच्या पन्नास टक्क्यांपर्यंत दंड.

डिसेंबर १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींपुढे एका सुताराचे प्रकरण आले. चित्रपटगृहाच्या सजावटीचे काम करताना १९६८ मध्ये तो पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून कमाईची क्षमता शंभर टक्के गेली, हे कमिशनरचे म्हणणे कायम राहिले. शिवाय न्यायालयाने सांगितले की भरपाईची जबाबदारी अपघात घडताच सुरू होते. कमिशनर ती पुढे ठरवतो म्हणून ती पुढे सरकत नाही. मालकाला हिशेब करता येतो, त्याने थांबून राहायचे कारण नाही.

प्रश्न इथे मिटायला हवा होता. २००७ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने म्हटले की व्याज निवाड्याच्या तारखेपासून, कारण निवाड्याआधी काही देयच नव्हते. २००९ मध्ये आणखी एका द्विसदस्यीय पीठाने तोच सूर लावला. दोन्ही निकालांत १९७५ च्या चौघांच्या निकालाची दखल नव्हती. पण सरकारी वकिलाच्या हाती निकाल होता, आणि त्याची किंमत मोठी होती.

किती मोठी, ते आकड्यांत पाहा. समजा, २००३ मध्ये सिंचन खात्याच्या कामावर पस्तीस वर्षांचा मजूर दगावला. तेव्हा वेतनाची कमाल मर्यादा महिना ४,००० रुपये. त्याचे निम्मे २,०००, कायद्याच्या तक्त्यातला पस्तिशीचा गुणक १९७.०६, म्हणून भरपाई ३,९४,१२० रुपये. बारा टक्क्यांनी वर्षाचे व्याज ४७,२९४. निवाडा २००९ मध्ये झाला तर सहा वर्षांचे व्याज २,८३,७६६ रुपये. १९७५ चा नियम धरला तर विधवेला पावणेसात लाखांच्या वर. २००७ चा धरला तर चार लाखांच्या आत. बहुतेक खात्यांचा विमा नसतो, त्यामुळे फरक सरळ तिजोरीवर. तेव्हा अपील करा असा अभिप्राय देणाऱ्या सरकारी वकिलाला दोष देणे सोपे आहे, पण समोर सर्वोच्च न्यायालयाचे दोन ताजे निकाल असताना ‘करू नका’ असे लिहायचे कोणत्या तोंडाने? उलट विचारायचे ते असे: सहा वर्षे खाते गप्प का बसले? अपघातापासून एका महिन्याच्या आत हिशेबाने होणारी रक्कम भरली असती, तर कोणत्याही नियमाने व्याज शून्य होते.

२०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा घोळ निस्तरला: आधीचे दोन्ही निकाल चौघांच्या निकालाकडे न पाहता दिलेले, म्हणून बंधनकारक नाहीत, व्याज अपघातापासूनच. २०१८ च्या अखेरीस हेच पुन्हा सांगावे लागले, यावरून मधल्या काळात खालच्या कोर्टांत काय चालू होते ते कळते.

दंडाचा मुद्दा मात्र सरकारी बाजूला अजून उपयोगी पडतो. कारणे दाखवण्याची संधी दिल्याशिवाय दंड लावता येत नाही, आणि लेबर कोर्टाच्या रेकॉर्डवर तशी नोटीस पुष्कळदा नसते. मी तरी या प्रकरणांत सगळ्यात आधी तेच पान उघडतो.

बाकी अपिलाचा दरवाजा मुळातच अरुंद आहे. दिवाणी संहितेत दुसऱ्या अपिलासाठी ‘कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न’ ही अट १९७६ मध्ये आली; या कायद्यात ती पहिल्यापासून आहे. मजूर कामावर होता की नव्हता, मजुरी किती होती, अपंगत्व किती टक्के, यावर कमिशनरचा शब्द शेवटचा. तरी हेच मुद्दे अपिलाच्या मेमोत लिहून येतात, कारण खात्याकडून आलेल्या नस्तीत तेवढेच असतात. मुदत साठ दिवसांची. निवाड्याची नक्कल, खात्याचे अभिमत, विधी विभागाची परवानगी, ओआयसीची (प्रकरण सांभाळणाऱ्या प्रभारी अधिकाऱ्याची) नेमणूक, या वाटेने कागद महाधिवक्ता कार्यालयात पोचेपर्यंत ती बहुधा उलटलेली असते. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्यप्रदेश शासनाचीच ६६३ दिवस उशिरा आलेली याचिका फेटाळली, पंचवीस हजारांचा खर्च बसवला आणि तो जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करायला सांगितले. प्रकरण कामगारांचे नव्हते, पण भरपाईच्या अपिलांत विलंबमाफीच्या अर्जावर तो निकाल समोरून हमखास वाचला जातो.

अलीकडचे बदल झपाट्याने आले. २०१७ मध्ये अपिलासाठीच्या वादग्रस्त रकमेची किमान मर्यादा तीनशेवरून दहा हजार झाली आणि अपील चालू असेतो जमा रक्कम अडवून ठेवण्याचे कलम ३०-अ गेले. वेतनाची मर्यादा २०१० मध्ये ८,००० आणि जानेवारी २०२० मध्ये १५,००० झाली. त्यातही अपघाताच्या दिवशी जी मर्यादा होती तीच लागू, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले, नाहीतर आणखी एक तारखेचे भांडण तयारच होते.

जुलै २०२५ मध्ये घरून कामावर जाताना झालेला अपघातही, वेळ-जागा-कारण यांचा कामाशी संबंध असेल तर, या कायद्यात बसतो असा निकाल आला. पोरबंदरकडच्या मिठागरातले मजूर परतताना होडी उलटून बुडाले, त्या प्रकरणात १९५८ च्या निकालाने मालक सुटला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, त्यात ही तरतूद मजकुरातच आहे; दाखल्याची अटही तिथे तशीच आली आहे. कामावर भाजीच्या टेम्पोत किंवा ट्रॅक्टर-ट्रॉलीत बसून येणाऱ्या दैवेभोंच्या बाबतीत याचा अर्थ काय, हे खात्यांनी अजून मनावर घेतलेले दिसत नाही. मजूर कोणत्या गावाहून, कोणत्या वाटेने येतो, याची नोंद मस्टरवर नसते. म्हणजे पहिल्या काही प्रकरणांत भांडण पुराव्याचेच होणार, आणि पुराव्याचे भांडण लेबर कोर्टातच संपते, अपिलात नाही.