स्टिकरवर ४८, पोटात १८

माझी चार्जिंगची ड्रिल मशीन दोन वर्षांत बसली. मोटर ठणठणीत, बॅटरी मेलेली. सांगलीच्याच बाजारातून स्वस्तात घेतली होती, अंगावर ठळक '४८ व्ही' असं स्टिकर. एका रविवारी बॅटरीचे चार स्क्रू काढून झाकण उघडलं. आत पाच सेल, एकाला एक जोडलेले. मल्टिमीटर लावला तर चार सेल ३.४ व्होल्टच्या आसपास आणि पाचवा १.१.

आधी स्टिकरचा हिशेब लावू. लिथियम-आयन सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो, वापरात सरासरी ३.६ धरतात. पाच सेलचे झाले १८; चार्जरवरून नुकतीच काढलेली बॅटरी असेल तर २१. म्हणून एका खोक्यावर १८, दुसऱ्यावर २० आणि तिसऱ्यावर २१ लिहिलेलं असलं तरी बहुतेक वेळा आत पाचच सेल एका माळेत असतात. ४८ व्होल्टला तेरा सेलची माळ लागते. ती त्या मुठीएवढ्या डब्यात मावणार कुठं?

मग महागड्या मशीनला जादा पैसे मोजायचे ते कशाचे? माझ्या मते सगळ्यात आधी सेलच्या अंतर्गत रोधाचे, म्हणजे सेल स्वतःच विजेला करतो त्या अडथळ्याचे. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळं शिकवायला नको. डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) लांब, बारीक केबलवरची विहिरीची मोटर आठवा. बंद असताना मीटरवर व्होल्टेज पुरेपूर दिसतं. बटण दाबलं की ते पडतं, मोटर नुसतीच घुमते आणि केबल तापते. प्रत्येक सेलच्या पोटात अशी एक 'बारीक केबल' असतेच. चांगल्या सेलचा रोध १५ मिलिओहम धरू, हलक्याचा ६०. पाच सेलचे झाले ७५ आणि ३००. सागवानात जाड स्क्रू घुसताना मशीन २० अँपिअर ओढायला लागली, तर पहिल्या बॅटरीत दीड व्होल्ट गळतो, दुसरीत सहा. गळलेली वीज उष्णता होऊन बॅटरीच्याच पोटात राहते. एकीकडे ३० वॅट, दुसरीकडे १२०. म्हणजे बंद डब्यात २५ वॅटचे जवळजवळ पाच सोल्डरिंग आयर्न एकदम तापवल्यासारखं. त्यात एप्रिलची दुपार असेल तर विचारूच नका. सेल तापला की लवकर म्हातारा होतो, म्हातारा झाला की रोध वाढतो, आणि रोध वाढला की आणखी तापतो.

आता तो पाचवा सेल. सगळे सेल तंतोतंत सारखे कधीच नसतात. एखादा थोडा अशक्त असतो आणि तोच आधी रिकामा होतो. चांगल्या बॅटरीत एकेका सेलचं व्होल्टेज मोजणाऱ्या बारीक तारा असतात. एकाने मान टाकली की सर्किट पुरवठा तोडतं. माझ्या बॅटरीत अशा तारा नव्हत्या. सर्किट बघत होतं फक्त बेरीज. चार सेल ३.४ चे आणि एक १.४ चा असला तरी बेरीज १५ येते, आणि १५ ला 'सगळं ठीक' समजून मशीन चालत राहते. सेल असा वारंवार पार खाली गेला की आतला तांब्याचा पातळ पत्रा विरघळू लागतो, आणि पुन्हा चार्ज करताना ते तांबं भलत्याच जागी साठून आत शॉर्ट होऊ शकतो. त्यामुळे असा मेलेला सेल चार्जरच्या तारा लावून 'उठवायचा' उद्योग घरात करू नका. मलाही मोह झाला होता.

ब्रशलेस मोटरचं कौतुक बरंच ऐकू येतं, ते खरंही आहे. साध्या मोटरमध्ये कार्बन घासत वीज पोचवतो. ठिणग्या पडतात, कार्बन झिजतो. ब्रशलेसमध्ये हेच काम इलेक्ट्रॉनिक सर्किट करतं, म्हणून तेवढ्याच बॅटरीवर काम जास्त होतं. पण कार्बन गेले तर रिवाइंडिंगवाला थोडक्या पैशांत बदलून देतो. सर्किट जळलं तर अख्खं नवं घालावं लागतं.

आमच्या घरी किचन ट्रॉलीचं काम करायला आलेल्या सुतारमामांना माझी मशीन दाखवली. हातात घेऊन, ट्रिगर दाबून बघून म्हणाले, "सर, तुमाला ठीक हाय. माझ्याकडं आठवडा नाय काढायची."

त्यांचं म्हणणं आकड्यांत बसतं. दिवसाला ३०० स्क्रू, प्रत्येकी ३ सेकंद धरले तर रोज १५ मिनिटं ट्रिगर दाबलेला. वर्षाचे ३०० दिवस काम धरलं तर ७५ तास. मी पडद्याचे रॉड, घड्याळ, एखादी मांडणी करून वर्षाला ४० भोकं पाडतो, १५ सेकंदांना एक. झाली १० मिनिटं. त्यांच्या एका वर्षाला मला साडेचारशे वर्षं लागतील! एवढ्यासाठी तिप्पट पैसे मी तरी घालणार नाही. आरसीसी कॉलमला भोक पाडायचं असेल तर मात्र दोन्ही मशिनी बाजूला ठेवा आणि वायरवाला रोटरी हॅमर भाड्याने आणा. त्यात हवेच्या दाबाने पिस्टन ठोके देतो, चार्जिंगच्या छोट्या मशीनमधल्या दातेरी चकत्यांची थरथर त्यापुढे काहीच नाही.

घेताना दुकानदाराला एकच विचारा: हिची बॅटरी सुटी मिळते का, आणि केवढ्याला? एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या खाचेत सहसा बसत नाही. मी विचारलं नव्हतं. माझ्या मशीनच्या खाचेची बॅटरी आता त्या दुकानात येत नाही. मशीन माळ्यावर पडून आहे. मोटर चांगली, गिअर चांगले, आणि ४८ चं स्टिकर अजून चकचकीत.