प्रकाश-ध्वनी यंत्रे

प्रकाश-ध्वनी यंत्र म्हणजे मिटलेल्या डोळ्यांवर ठरावीक गतीने लुकलुकणारा प्रकाश पाडणारे आणि त्याच्या जोडीने कानांत त्याच लयीचा आवाज सोडणारे उपकरण होय. मन शांत करणे, झोप आणि जाग यांच्या सीमेवरची अवस्था आणणे आणि जाणिवेत तात्पुरता बदल घडवणे, यांसाठी ते वापरले जाते. आतल्या बाजूने एलईडी दिवे बसवलेला चष्मा, हेडफोन आणि दोन्हींची लय सांभाळणारा लहानसा नियंत्रक असे त्याचे आजचे नेहमीचे रूप आहे. वापरणाऱ्याने डोळे मिटून वीस-तीस मिनिटे स्वस्थ पडून राहायचे असते. बहुतेक कार्यक्रमांत लुकलुकण्याची गती सुरुवातीला जास्त ठेवतात आणि हळूहळू उतरवत सेकंदाला दहाच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आणतात.

अनुभव बहुधा पहिल्या काही क्षणांतच सुरू होतो. पापण्यांतून मुख्यतः तांबडा प्रकाश आत शिरतो, त्यामुळे प्रथम लालसर झगमग जाणवते. मग तिच्यात जाळ्या, चौकटी, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्कोनी नक्षी, फिरणारी वर्तुळे आणि खोल जाणारे बोगदे उमटू लागतात. दिवा निव्वळ पांढरा असला तरी निळे, हिरवे, जांभळे रंग दिसतात. काहींना पुढे चेहरे, प्रसंग किंवा जागाही दिसतात, तर काहींना झगमगीपलीकडे काहीच दिसत नाही.

या आकृत्यांचे शास्त्रीय वर्णन यंत्रांच्या फार आधीचे आहे. चेक शरीरक्रियाशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी १८१९ मध्ये, प्रकाशाकडे तोंड करून मिटलेल्या डोळ्यांपुढे बोटे हलवली असता दिसणाऱ्या नक्षीची नोंद केली. या गोष्टीचा मेंदूच्या विद्युत्-लहरींशी असलेला संबंध मात्र विसाव्या शतकात उघड झाला. जर्मनीतील येना येथे हान्स बेर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूचा पहिला विद्युत्-आलेख घेतला आणि १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला. डोळे मिटून शांत बसलेल्या माणसात ठळक होणाऱ्या, सेकंदाला ८ ते १३ आंदोलनांच्या लहरींना अल्फा लहरी हे नाव पडले. केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी १९३४ मध्ये बेर्गर यांच्या निष्कर्षाला दुजोरा दिला आणि लुकलुकणारा प्रकाश दाखवला की डोक्याच्या मागील भागातील लहरी त्या प्रकाशाच्या गतीने चालू लागतात, हेही दाखवून दिले. ब्रिस्टल येथील बर्डन संस्थेत विल्यम ग्रे वॉल्टर यांनी १९४० च्या दशकात स्ट्रोब म्हणजे झपाझप लुकलुकणाऱ्या दिव्याने हे प्रयोग पुढे नेले, तेव्हा रंग आणि आकृत्यांबरोबरच शरीर हलत-डुलत असल्याचा भास होणारे लोकही त्यांना आढळले.

या विषयातील सर्वांत प्रसिद्ध यंत्र ‘ड्रीममशीन’ हे मात्र प्रयोगशाळेत जन्मले नाही. चित्रकार ब्रायन गायसिन हे २१ डिसेंबर १९५८ रोजी बसने मार्सेयला निघाले होते. रस्त्याच्या कडेच्या झाडांच्या रांगेतून मावळतीचे ऊन त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांवर पडत होते आणि त्यातून त्यांना रंगांचा विलक्षण लोंढा दिसला. झाडांची रांग संपताच तो थांबला. त्यांचे मित्र, लेखक विल्यम बरोज, यांच्यामार्फत वॉल्टर यांच्या प्रयोगांशी या अनुभवाचा धागा जुळला आणि केंब्रिजमध्ये गणित शिकणाऱ्या इयन सॉमरव्हिल यांनी १९६० च्या सुमारास प्रत्यक्ष यंत्र बनवले. त्याची रचना कोणालाही समजावी इतकी साधी आहे. ग्रामोफोनच्या तबकडीवर उभ्या फटी पाडलेला पुठ्ठ्याचा नळकांडा उभा करायचा आणि आत विजेचा दिवा टांगायचा. मिनिटाला ७८ फेरे म्हणजे सेकंदाला १.३ फेरे, एका ओळीत आठ फटी असतील, तर डोळ्यांवर सेकंदाला दहाहून थोडे अधिक झोत पडतात आणि अल्फाची गती आपोआप साधते. गायसिन यांनी १८ जुलै १९६१ रोजी फ्रान्समध्ये त्याचे पेटंट नोंदवले. डोळे मिटून पाहण्याची ही कलाकृती घरोघरी पोहोचावी अशी त्यांची इच्छा होती, पण तिचे व्यापारी उत्पादन करण्याचे प्रयत्न फळाला आले नाहीत. २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये याच कल्पनेवर मोठा सार्वजनिक प्रयोग उभारला गेला. लंडन, कार्डिफ, बेलफास्ट आणि एडिंबरा येथील प्रेक्षक एकत्र बसून, डोळे मिटून प्रकाश आणि संगीत अनुभवत होते. चेतासंशोधक अनिल सेठ त्या प्रकल्पात सहभागी होते. प्रकाशाचा हा वापर कला म्हणून जितका प्रामाणिक वाटतो, तितका तो उपचाराच्या जाहिरातींत वाटत नाही, हे येथे नमूद केले पाहिजे.

ध्वनीच्या बाजूचा आधार वेगळा आहे. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा किंचित वेगळ्या लागल्या की आवाजात संथ हेलकावा ऐकू येतो आणि तारा जुळत येतील तसतसा तो मंदावतो. हा हेलकावा हवेतच तयार होतो. परंतु एका कानात ४०० आणि दुसऱ्या कानात ४१० हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला तितक्या आंदोलनांचा) सूर वेगवेगळा सोडला, तरीही सेकंदाला दहा ठोक्यांचा हेलकावा जाणवतो आणि तो मात्र मेंदूच्या बुंध्यात, दोन्ही कानांकडून आलेले संदेश जिथे प्रथम एकत्र येतात तिथे, घडतो. जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश डोव्हे यांनी एकोणिसाव्या शतकात ही गोष्ट ओळखली. १९७३ मध्ये जेराल्ड ऑस्टर यांच्या लेखामुळे तिच्याकडे नव्याने लक्ष गेले आणि अमेरिकेत रॉबर्ट मनरो यांनी तिच्यावर आधारलेल्या ध्वनिफिती लोकप्रिय केल्या. सूर सुमारे हजार हर्ट्झच्या वर गेले किंवा दोघांतला फरक तीसच्या पुढे गेला की हा हेलकावा सहसा जाणवत नाही. हेडफोनशिवाय तर हा परिणाम साधतच नाही, कारण दोन्ही सूर हवेतच मिसळतात.

बोगदे आणि जाळ्याच का दिसतात, याचे गणिती उत्तर या विषयातील सर्वांत सुंदर भाग आहे. हाइनरिश क्ल्युव्हर यांनी १९२० च्या दशकात मेस्कॅलिन या भास निर्माण करणाऱ्या द्रव्याच्या प्रभावाखाली दिसणाऱ्या आकृत्यांचे जाळ्या, कोळिष्टके, बोगदे आणि सर्पिले असे मोजके प्रकार पाडले होते. दृष्टिपटलावरील चित्र मेंदूच्या पृष्ठभागावर जसेच्या तसे न उतरता विशिष्ट रीतीने ताणले जाते, त्यामुळे डोळ्यासमोरची वर्तुळे आणि किरणे तेथे सरळ पट्ट्या होतात. एर्मेंट्राउट आणि कोवन यांनी १९७९ मध्ये असे मांडले की चेतापेशींचे जाळे अस्थिर झाले की त्यात आपोआप पट्टे उठतात. हेच पट्टे पाहणाऱ्याला बोगदा किंवा सर्पिल म्हणून दिसतात. म्हणजे नक्षी दिव्यात नसते, ती दृष्टीच्या यंत्रणेच्या बांधणीत असते.

यंत्रविक्रेते याहून पुष्कळ पुढे जातात आणि तेथे सावध राहणे आवश्यक आहे. प्रकाशाच्या लयीला दृष्टीच्या भागातील लहरी प्रतिसाद देतात, हे पक्के आहे. पण तेवढ्यावरून सगळा मेंदू त्या लयीला येतो, असे ठरत नाही. १९६१ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी समाधीतील योग्यांच्या आलेखांत ठळक अल्फा लहरी नोंदवल्या. अशा अभ्यासांचा दाखला देऊन अल्फा म्हणजे ध्यान असे समीकरण मांडले जाते. वस्तुतः नुसते डोळे मिटल्यानेही अल्फा वाढते. ध्वनीबाबत पुरावा आणखी दुबळा आहे. २०२० मधील एका प्रयोगात दोन कानांतील वेगळ्या सुरांपेक्षा आधीच मिसळलेल्या सुरांनी मेंदूलहरी अधिक जुळल्या, पण मनःस्थितीत दोन्हींमुळे फरक पडला नाही. काळजी किंवा वेदना थोडी कमी झाल्याचे सांगणारे अभ्यासही आहेत. मात्र अंधारात अर्धा तास निवांत पडण्याने किती गुण येतो, हे वेगळे काढल्याशिवाय यंत्राला श्रेय देता येत नाही. अल्झायमरच्या संदर्भात ४० हर्ट्झच्या प्रकाशाने उंदरांच्या मेंदूतील, या आजारात साचणारे अमायलॉइड हे प्रथिन घटल्याचे मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या गटाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केले, पण २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या गटाला तसा परिणाम आढळला नाही. घरगुती विश्रांतीच्या चष्म्यांना या संशोधनाचा आधार जोडणे गैर आहे.

धोका मात्र निःसंशय खरा आहे. साधारण चार हजारांत एका व्यक्तीला लुकलुकत्या प्रकाशाने अपस्माराचा झटका येऊ शकतो. हे प्रमाण मुलांमध्ये आणि किशोरवयात जास्त असते, आणि सेकंदाला १५ ते २५ झोतांची गती सर्वाधिक घातक ठरते. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये पोकेमॉन मालिकेच्या एका भागातील लाल-निळ्या झगमगीमुळे सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. ईईजी म्हणजे मेंदूच्या विद्युत्-आलेखाच्या तपासणीच्या खोलीत तंत्रज्ञ रुग्णाच्या डोळ्यांपुढे वेगवेगळ्या गतींनी काही सेकंद दिवा लुकलुकवतो, तो ही संवेदनशीलता ओळखण्यासाठीच; आलेखात विपरीत लहरी दिसताच दिवा बंद केला जातो. घरी पाहायला तंत्रज्ञ नसतो आणि कित्येकांना आपली संवेदनशीलता पहिल्या झटक्यापर्यंत ठाऊकही नसते. नुसते डोळे मिटल्याने संरक्षण मिळत नाही; त्रास जाणवताच तळहाताने एक डोळा पूर्ण झाकून घ्यावा आणि दिवा बंद करावा. स्वतःला किंवा जवळच्या नात्यात कोणाला अपस्मार असल्यास प्रकाशाचा भाग वर्ज्य करावा.