खोक्यावरचा आकडा आणि पोटातला कॅमेरा

गेल्या पावसाळ्यात भाचा विश्रामबागेतून आला तो हातात माउस घेऊनच. "मामा, एकदा दाबलं की दोनदा लागतंय बघ. काल गेममधली अख्खी मॅच घालवली ह्यानं." सात रंगांचे दिवे, पाठीवर सापाचं चित्र, खोक्यावर ठळक अक्षरांत '१२८०० डीपीआय'. घेऊन आठ महिनेही झाले नव्हते. दुकानात वॉरंटीचा विषय काढल्यावर 'आत ओल गेलीय' म्हणून त्याला परत पाठवलं होतं. पोरानं वाढदिवसाचे पैसे साठवून घेतलेली वस्तू होती ती. मला वाईट वाटलं आणि रागही आला.

माझी नोकरी इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत गेली, त्यामुळे गल्लीतल्या अशा वस्तू शेवटी माझ्या टेबलावर येतात. माउसच्या तळाच्या गुळगुळीत चकत्या सोलल्या की खाली लपलेले स्क्रू सापडतात. कवच काढलं. डाव्या बटणाखाली चिंचोक्याएवढा काळा ठोकळा होता, तो मायक्रोस्विच. ब्लेडच्या टोकानं त्याचं झाकण उचकटलं आणि भिंग लावलं. आत तांब्याच्या मिश्रधातूची कागदासारखी पातळ पट्टी, तिच्यातच कापून वाकवलेली एक जीभ आणि टोकाला बारीकशी टिकली. बटण दाबलं की पट्टी ताणली जाते, एका क्षणी पलटी खाते आणि ही टिकली खालच्या टिकलीवर आदळते. आपण ऐकतो तो 'टक' आवाज त्या पलटीचा. या माउसमधली टिकली काळवंडली होती.

स्टीलच्या ताटात चमचा पडला तर तो एकदाच वाजून थांबत नाही, दोन-चार वेळा थरथरतो आणि मग स्थिरावतो. स्विचमधली टिकलीही आदळल्यावर अशीच काही मिलिसेकंद उड्या मारते. प्रत्येक उडीला क्लिक धरलं तर एका दाबाला चार-पाच गोळ्या सुटतील. म्हणून माउसच्या चिपला सांगून ठेवलेलं असतं, की स्पर्श झाल्यावर ठरावीक काळ या उड्यांकडे लक्ष देऊ नकोस. गेमिंग माउसमध्ये हा काळ मुद्दाम आखूड ठेवतात, कारण त्यानं माउस चपळ होतो. पट्टी नवी आहे तोवर निभतं. पुढं तिचा ताण उतरतो, टिकलीवर ऑक्साइडचा थर चढतो, उड्या लांबतात आणि ठरवून दिलेल्या काळाच्या बाहेर पडतात. चिपला वाटतं, दुसरा क्लिक आला. घरातल्या दिव्याच्या बटणात बारीक ठिणगी पडते आणि हा थर जळून जातो. माउसमधला प्रवाह इतका क्षीण असतो, की तेवढी सफाईही होत नाही. त्यात कृष्णाकाठची जुलै-ऑगस्टची दमट हवा. ओल आत 'जावी' लागत नाही, ती हवेतच असते. असल्या हवेत आठ महिन्यांत काळवंडणारा स्विच घालायचा आणि दोष पोराच्या माथी मारायचा, हे मला पटत नाही.

स्विचवर कंपन्या क्लिकचं आयुष्य सांगतात: एक कोटी, दोन कोटी, पाच कोटी. रोज ५००० क्लिक धरले तर एक कोटीला २००० दिवस लागतात, म्हणजे जवळपास साडेपाच वर्षं. हिशेब बरोबर आहे, पण दुहेरी क्लिकचा आजार पट्टी तुटायची वाट पाहत नाही, तो आधीच येऊ शकतो. यावर खरा उपाय ऑप्टिकल स्विचचा. रेझर या कंपनीनं २०१९ मध्ये व्हायपर या माउसमध्ये तो वापरला. त्यात धातूला धातू लावून क्लिक ओळखत नाहीत, अवरक्त किरणाच्या वाटेत काही आलं की गेलं एवढंच पाहतात. टिकली नाही म्हणून उडीही नाही आणि गंजही नाही.

"मग आता कुठला घेऊ?" हा प्रश्न येणारच होता. मी त्याला म्हटलं, तुझ्या मित्रांचे माउस आठवडाभर इथं आणून ठेव. तीन आले: रेझरचा डेथॲडर इसेन्शियल, लॉजिटेकचा जी १०२ आणि त्याच कंपनीचा बिनवायरचा जी ३०४. कंपन्यांच्या माहितीप्रमाणे त्यांचे डीपीआय अनुक्रमे ६४००, ८००० आणि १२०००. म्हणजे चौघांत सगळ्यात मोठा आकडा त्या बंद पडलेल्या माउसच्या खोक्यावर होता!

हा आकडा काय सांगतो ते समजायला माउसच्या पोटात काय चाललंय ते पाहावं लागतं. तिथं एक कॅमेरा असतो. जुन्या एसटीच्या फळीत भोक पडलेलं असायचं आणि त्यातून खालचा रस्ता पळताना दिसायचा, ते आठवा. एका नजरेत दिसलेला खडा दुसऱ्या नजरेत जरा मागं सरकलेला दिसतो. किती सरकला ते मोजलं की गाडी किती पुढं गेली ते कळतं. माउसचा सेन्सर हेच करतो, फक्त सेकंदाला हजारो वेळा. पीएमडब्ल्यू ३३६० हा गाजलेला सेन्सर सेकंदाला १२००० पर्यंत चित्रं घेतो. चित्र अगदी छोटं, ३६ गुणिले ३६ ठिपक्यांचं. शेजारचा दिवा मुद्दाम तिरपा बसवलेला असतो. नांगरलेल्या रानात मावळतीचं ऊन पडलं की ढेकळन् ढेकूळ सावलीसकट उठून दिसतं, तसे कापडाचे धागे आणि लाकडाचे रंध्र त्या तिरप्या उजेडात उठून दिसतात. काचेवर ढेकळंच नाहीत, म्हणून बहुतेक माउस तिथं गोंधळतात.

हे तंत्र एका दिवसात आलेलं नाही. डग्लस एंजेलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये बनवलेला पहिला माउस लाकडी होता, खाली काटकोनात बसवलेली दोन चाकं. ९ डिसेंबर १९६८ रोजी एंजेलबार्टनी तो सॅन फ्रान्सिस्कोत जगाला दाखवला. नंतर रबरी गोळी आली. ती काढून आतल्या रुळांवरचा मळ नखानं खरवडण्यात माझ्या पिढीचे किती तास गेले असतील! १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटेलिमाउस एक्सप्लोरर आला आणि कुठल्याही साध्या टेबलावर चालणारा कॅमेरावाला माउस घरोघर पोचला.

आता डीपीआय. माउस एक इंच सरकवला की कर्सर किती ठिपके सरकतो, त्याची ही संख्या. १९२० ठिपके रुंदीचा पडदा घ्या. ८०० डीपीआयवर तो पार करायला हात २.४ इंच, म्हणजे सुमारे ६ सेंटिमीटर सरकवावा लागतो. १२८०० वर? चार मिलिमीटरसुद्धा नाही. चार मिलिमीटरच्या जागेत उभ्या-आडव्या नेमक्या ठिकाणी थांबणं कुणाच्या बोटाला जमेल? नेमबाजीचे खेळ खेळणारे म्हणूनच बहुधा ४०० ते १६०० च्या दरम्यान राहतात. शिवाय स्वस्त माउसमध्ये मोठा आकडा पुष्कळदा गुणाकारानं काढलेला असतो: सेन्सर मोजतो एक पाऊल आणि चिप सांगते चार. त्यानं नेम सुधारत नाही, कर्सर टप्प्याटप्प्यानं उड्या मारतो.

विचारायचा आकडा वेगळाच आहे आणि तो खोक्याच्या मागं बारीक अक्षरांत असतो: इंच प्रति सेकंद. एसटी इतकी सुसाट निघाली, की पहिल्या नजरेतला एकही खडा दुसऱ्या नजरेत उरला नाही, तर तुलना कशाशी करणार? सेन्सरचंही तसंच होतं. हात झटक्यात फिरवला की कर्सर भलतीकडे जातो. पीएमडब्ल्यू ३३६० ची मर्यादा २५० इंच प्रति सेकंद, म्हणजे ताशी सुमारे २३ किलोमीटर. त्यानंतरच्या पीएडब्ल्यू ३३९५ ची ६५०, म्हणजे ताशी जवळजवळ ६० किलोमीटर. टेबलावर फिरणाऱ्या हाताला पहिली मर्यादाही पुष्कळ होते. डेथॲडर इसेन्शियलची २२० आहे आणि तीही पुरते.

घरच्या घरी परीक्षा घेता येते. विंडोजमधला 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' हा पर्याय आधी बंद करा, नाहीतर वेगाप्रमाणे अंतर बदलतं आणि मोजमाप फसतं. टेबलावर स्टीलची पट्टी चिकटवा, माउस तिच्या कडेला टेकवा आणि कर्सर पडद्यावरच्या एका खुणेवर ठेवा. माउस पट्टीच्या कडेनं झटक्यात वीसेक सेंटिमीटर न्या आणि अगदी सावकाश मूळ जागी आणा. कर्सर वाटेत पडद्याच्या काठाला लागू नये, म्हणून डीपीआय कमी ठेवा. कर्सर खुणेवर परत आला तर सेन्सर प्रामाणिक आहे. तिन्ही माउस खुणेच्या आसपास आले. भाच्याचा माउस दर वेळी वेगळ्याच ठिकाणी थांबला, एकदा तर तळहाताएवढा दूर. भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे माझा नेम खराब नव्हता?"

दुसरा गाजावाजा पोलिंग रेटचा. संगणक माउसला सतत विचारत असतो, 'काही हालचाल?' साधा माउस सेकंदाला १२५ वेळा उत्तर देतो, म्हणजे दर ८ मिलिसेकंदाला. गेमिंग माउस १००० वेळा, म्हणजे दर मिलिसेकंदाला. हा फरक खरा आहे. आता ८००० वालेही आलेत, दर ०.१२५ मिलिसेकंदाला एक उत्तर. पण घरचा पडदा ६० हर्ट्झचा असेल तर तो दर १६.७ मिलिसेकंदालाच नवं चित्र काढतो आणि पाहून बोट हलवायला माणसाला २०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. आठ हजारांच्या मोहात पडण्याआधी १४४ हर्ट्झचा पडदा घ्यावा असं माझं मत आहे. ८००० चा भार प्रोसेसरवरही पडतो, जुन्या मशीनवर खेळ अडखळू शकतो.

बिनवायरचा माउस मंद असतो ही समजूत आता जुनी झाली. सोबत मिळणाऱ्या २.४ गिगाहर्ट्झच्या रिसीव्हरवर जी ३०४ दर मिलिसेकंदालाच उत्तर देतो. ब्लूटूथवर मात्र खेळू नये, तिथं दोन निरोपांत साधारणपणे किमान ७.५ मिलिसेकंद जातात. रिसीव्हर सीपीयूच्या मागं यूएसबी ३ च्या पोर्टला खोचला तर त्या पोर्टचा गोंगाट याच लहरींत मिसळतो आणि कर्सर अडखळतो. छोट्या एक्स्टेंशन वायरनं तो टेबलावर आणला की तक्रार जाते.

आता वजन. जी ३०४ सेलसकट ९९ ग्रॅम, डेथॲडर ९६, जी १०२ वायर सोडून ८५. लॉजिटेकनं २०२० मध्ये आणलेला जी प्रो एक्स सुपरलाइट ६३ ग्रॅमच्या आत आहे आणि त्याची किंमतही त्या हिशेबानं चढी. ग्रॅममागं एवढे पैसे मोजण्याआधी एक करून पाहा: जी ३०४ मधला अल्कलाइन सेल सुमारे २३ ग्रॅमचा असतो, त्याच मापाचा लिथियम सेल १५ ग्रॅमचा. आठ ग्रॅम तिथंच उतरतात.

वजनापेक्षा आकार महत्त्वाचा. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात मोजला. भाच्याचा १७ सेंटिमीटर भरला. १२७ मिलिमीटर लांबीचा, उजव्या हातासाठी वळवलेला डेथॲडर त्याच्या तळव्यात मावेना, पुढच्या बटणांपर्यंत जाताना बोटं ताठ व्हायची. पंजा भरून हात ठेवणाऱ्या त्याच्या उंच मित्राला तोच माउस चपखल बसतो. ११६.६ मिलिमीटरचा जी १०२ भाच्यानं बोटांच्या टोकांनी धरला आणि त्याचा खांदा खाली आला. मी ते पाहत होतो.

बांधणी पारखताना मिरजेतले सतार-तंबोरा करणारे कारागीर आठवतात, भोपळ्यावर टिचकी मारून कान देणारे. माउसच्या दोन्ही कुशी दाबा, करकर आवाज येतो का ऐका. हलवून आत काही खुळखुळतं का पाहा. बाजूला मऊ रबराचा लेप असेल तर तो सुरुवातीला छान वाटतो, पण घाम आणि दमट हवा लागून असा लेप पुढं विघटित होऊन चिकट होऊ शकतो. आपल्या हवेत साधं, खरखरीत, बिनलेपाचं प्लास्टिक जास्त टिकतं. तळाच्या चकत्या पीटीएफईच्या असतात, नॉनस्टिक तव्यावर असतो तोच पदार्थ, १९३८ मध्ये रॉय प्लंकेट यांना अपघातानं सापडलेला. त्या झिजल्या तर थोडक्या पैशांत नव्या मिळतात. त्यासाठी माउस टाकू नये.

भाच्यानं शेवटी जी १०२ घेतला आणि उरलेल्या पैशांत मोठं कापडी पॅड. जुन्या माउसचा स्विच मी सोल्डरचा डाग काढून बदलला, नोटपॅडमध्ये दोनशे वेळा क्लिक करून पाहिलं, एकदाही दुहेरी उठला नाही. सेन्सर तोच भरकटणारा, पण बिलं करायला चालतो. आता तो मार्केट यार्डात मेहुण्यांच्या अडत दुकानात आहे. हळदीच्या सौद्यांच्या दिवसांत तिथं पिवळी धूळ सगळीकडे बसते, माउसच्या भिंगावरही. पंधरा दिवसांनी फोन येतो, "दाजी, बाण हलंना झालाय." मी सांगतो: उलटा करा, फुंकर घाला, कापसाच्या काडीनं भोक हलकेच पुसा. फोन चालू असतानाच बाण हलायला लागतो.