कागदावरचं दार जागेवर आणताना

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं आणि अख्खं कोल्हापूर हळहळलं. शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५ साली सुरू झालेलं हे पॅलेस थिएटर. मोठ्या आगीनंतर हमखास कुणीतरी म्हणतं, इमारतीचा नकाशा फायलीत असतोच, स्कॅन करून अग्निशमन दलाला पाठवला की झालं. तेवढ्यानं होत नाही. स्कॅन म्हणजे कागदाचा फोटो. त्यातल्या जाड रेषेला आपण भिंत आहोत हे ठाऊक नसतं आणि ती भिंत पृथ्वीवर नेमकी कुठे आहे हेही नसतं.

जुने मंजूर नकाशे बहुधा अमोनिया प्रिंट, म्हणजे अमोनियाच्या वाफेवर उमटवलेल्या निळ्या रेषांच्या प्रती असतात, १:१०० प्रमाणातले. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, स्कॅन केल्यावर एक पिक्सेल म्हणजे जागेवरचे साडेआठ मिलिमीटर, म्हणजे गरजेपेक्षा जास्तच बारकावा. स्कॅन ग्रेस्केलमध्ये, म्हणजे करड्या छटांत करावा, निव्वळ काळ्या-पांढऱ्यात पुसट निळ्या रेषा गळून जातात. मोबाइलनं फोटो काढू नये, कारण कागदाची जवळची बाजू मोठी आणि लांबची लहान येते.

खरी मेख पुढे आहे. कागद दमट हवेत फुगतो, वाळला की आटतो, आणि उभा-आडवा सारखा आटत नाही. रोल स्कॅनर कागद ओढताना लांबीत थोडी भर घालतो ती वेगळीच. साठ सेंटिमीटर लांबीत एक टक्का फरक पडला तर तो कागदावर ६ मिलिमीटर, पण जागेवर ६० सेंटिमीटर. नव्वद सेंटिमीटरच्या दाराचा दोन तृतीयांश भाग भिंतीत गेला!

म्हणून नकाशा जमिनीवर 'बसवावा' लागतो. कागदावरच्या प्रत्येक बिंदूचे x आणि y घेऊन जागेवरचे X आणि Y काढायचे:

X = ax + by + c
Y = dx + ey + f

a, b, d, e हे चार आकडे मिळून नकाशा फिरवतात, दोन्ही दिशांना वेगवेगळा ताणतात आणि तिरकेपणा काढतात. c आणि f त्याला सरकवतात. अज्ञात सहा, आणि एक ओळखीचा बिंदू दोन समीकरणं देतो, म्हणजे तीन बिंदू पुरतात. पण तीनच घेतले की चूक नेहमी शून्य दिसते, त्यातला एक कोपरा साफ चुकीचा टिपला असला तरी. सहा ते आठ बिंदू घ्यावेत, तेही इमारतीच्या बाहेरच्या कोपऱ्यांचे. कुंपणाचे नकोत, कुंपणं सरकतात. हे कोपरे टोटल स्टेशननं, म्हणजे कोन आणि अंतर मोजणाऱ्या सर्व्हेच्या यंत्रानं मोजावेत. मोबाइलचा जीपीएस उघड्यावरही तीन-चार मीटर चुकतो, कोल्हापुरातल्या गुजरीसारख्या अरुंद बोळात आणखी. सहनिर्देशक पद्धत यूटीएमची घ्यावी; तीत पृथ्वीचे उभे पट्टे पाडून जागा मीटरमध्ये सांगतात, आणि कोल्हापूर ४३ उत्तर विभागात येतं. मग प्रत्येक बिंदूची उरलेली चूक पाहावी. सगळ्या १५ सेंटिमीटरच्या आत असल्या तर ठीक. एकच बिंदू ४० दाखवत असेल तर तो पुन्हा मोजावा. सॉफ्टवेअरमध्ये 'थिन प्लेट स्प्लाइन' नावाचा पर्यायही असतो. तो प्रत्येक बिंदूवर चूक शून्य करून दाखवतो आणि त्यासाठी मधल्या भिंती वाकवतो. इमारतीच्या नकाशाला तो वापरू नये.

यानंतर क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये भिंती, दारं, जिने वेगवेगळ्या थरांत गिरवायचे. रेषांची टोकं जुळली नाहीत तर खोली बंद होत नाही, म्हणून पाच सेंटिमीटरचं स्नॅपिंग ठेवावं, म्हणजे तेवढ्या अंतरातली टोकं आपोआप चिकटतात. प्रत्येक खोली एक ठिपका, प्रत्येक दार दोन ठिपक्यांना जोडणारी रेघ. वाट शोधता येते ती या जाळ्यामुळे. दाराची रुंदी, ते कुठल्या बाजूला उघडतं, चॅनल गेटला कुलूप असतं का, हेही नोंदवायचं. मजल्यांना आकडे द्यावेत: तळमजला ०, तळघर उणे १. खाली पार्किंग असलेल्या इमारतीत 'पहिला मजला' कुणी पार्किंगलाच म्हणतं, कुणी त्याच्या वरच्याला.

एआय हे सगळं आपोआप करतं, असा गाजावाजा हल्ली फार आहे. मापाच्या रेषा, फरशीची जाळी आणि फर्निचर यांनाही ते भिंत समजू शकतं. माणसानं तपासल्याशिवाय त्याचं काम वापरू नये.

आणि सगळं अचूक गिरवलं तरी मंजूर नकाशा म्हणजे आजची इमारत नव्हे. वास्तुदोष म्हणून दक्षिणेचं दार विटांनी बुजवलेलं असतं. दिशेमुळे कुणाचं वाईट होत नाही; बुजवलेल्या दारामुळे मात्र आगीत बाहेर पडायची एक वाट जाते. जिन्याखाली गोडाऊन, गच्चीच्या दाराला कुलूप, पॅसेजला ग्रिल यांतलं कागदावर काहीच नसतं. टेप घेऊन प्रत्येक मजला फिरावाच लागतो.

शेवटी बंबात जाणाऱ्या प्रतीवर मापं, खोल्यांची नावं, सजावट काही ठेवू नये. दारं, जिने, हायड्रंट (बंबाचा पाइप जोडायचा नळ), भूमिगत टाकी, मेन स्विच, गॅसचा व्हॉल्व्ह एवढंच, ठळक चिन्हांत. राजारामपुरीतल्या इमारतीचं फाटक कितव्या गल्लीत उघडतं तेही. एक प्रत टॅबमध्ये, नेटशिवाय उघडणारी. दुसरी लॅमिनेट केलेली, एका मजल्याला एक पान. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात जागेवर शेवटची तपासणी कधी झाली ती तारीख, मोठ्या अक्षरात.