लिव्हर रायफल (प्रतिकृती) व तिची काडतुसे

लिव्हर रायफल (प्रतिकृती) : घोड्याभोवतीची (गोळी सुटण्यासाठी बोटाने दाबायच्या चापाभोवतीची) लोखंडी कडी खाली-वर करून रिकामे कवच बाहेर फेकणाऱ्या व नवे काडतूस नळीत भरणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन रायफलींची आधुनिक नक्कल. हेन्री (१८६०), विंचेस्टर १८६६ व १८७३ या नमुन्यांच्या प्रतिकृती मुख्यतः इटलीतील गार्दोने व्हाल ट्रॉम्पिया येथे तयार होतात. तेथील उबेर्ती कारखाना १९५९ चा.

मूळ रचनेचे श्रेय सामान्यतः अमेरिकन बंदूक-रचनाकार बेंजामिन टायलर हेन्री याला दिले जाते. तथापि ही परंपरा अमेरिकन संशोधक वॉल्टर हंटच्या १८४८–४९ च्या पेटंटांपर्यंत मागे जाते. खटका (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा) अडवून धरणारी सांध्याची जोडकडी स्मिथ व वेसन यांच्या १८५४ च्या पेटंटात आढळते. हेन्रीचे खरे कार्य धातूचे काडतूस व त्याला अनुरूप खटका जुळवण्याचे होते, हे मत अधिक ग्राह्य वाटते. १८६६ मध्ये नेल्सन किंगने बाजूने काडतुसे भरण्याची खिडकी दिली.

ही जोडकडी हीच काडतुसाच्या निवडीतील मुख्य अडचण होय. १८९२ च्या, जॉन ब्राउनिंग या बंदूक-रचनाकाराने केलेल्या विंचेस्टर नमुन्यातील उभ्या कुलूप-पट्ट्यांइतकी ती मजबूत नाही. त्यामुळे आजच्या मजबूत रिव्हॉल्व्हरांसाठी भरलेली जोरदार .४५ कोल्ट काडतुसे (.४५ हा गोळीचा इंचातील ढोबळ व्यास) या रायफलीत वापरू नयेत. .४५ कोल्टची प्रमाणित दाबमर्यादा १४,००० पौंड प्रति चौ. इंच आहे. मूळ विंचेस्टर १८७३ या काडतुसासाठी बनतच नव्हती. त्याचे सरळ, जाड कवच कमी दाबाला नीट फुगत नाही व काजळी मागे येते. १८७३ चे .४४-४० काडतूस मात्र पातळ मानेचे असल्याने नळी घट्ट बंद करते; काळ्या दारूने (जुन्या पद्धतीच्या, धूर करणाऱ्या बंदुकीच्या दारूने) नेम साधणारे म्हणूनच त्याला पसंती देतात. मूळ भरणा ४० ग्रेन (१ ग्रेन = सुमारे ०.०६५ ग्रॅम) दारूचा व गोळी २०० ग्रेनची. जुन्या नळ्यांचा अंतर्व्यास सुमारे .४२७ इंच, तर नव्या प्रतिकृतींचा बहुधा .४२९ च्या आसपास असतो. त्यामुळे मऊ शिशाचा तुकडा नळीतून ठोकून काढून व्यास मोजूनच गोळी निवडावी.

काडतुसे नळीखालच्या लांब नळकोठीत एकामागे एक असतात व पुढच्याच्या टोपीवर (ठोक्याने पेटणाऱ्या तळाच्या स्फोटक बिंदूवर) मागच्या गोळीचे टोक टेकते. म्हणून गोळी सपाट टोकाची हवी. टोकदार गोळीने कोठीत स्फोट होऊ शकतो. हेन्रीत तर पुढून भरताना दाबपट्टी (काडतुसे मागे ढकलणारी स्प्रिंगची पट्टी) हातून सुटली, तरी तो धोका संभवतो. लांबीही महत्त्वाची असते : काडतूस उचलणारा पितळी ठोकळा ठरावीक मापाचा असतो व .४४-४० ची कमाल लांबी सुमारे १.५९ इंच. फार आखूड काडतूस असल्यास पुढच्याची कड ठोकळ्यात शिरून यंत्रणा अडकते. .३५७ मॅग्नमच्या रायफलीत .३८ स्पेशल चालते, पण अतिआखूड भरणा त्रास देतो.

जुन्या अमेरिकन पश्चिमेच्या धर्तीवरील काउबॉय नेमबाजी स्पर्धांत शिशाच्या, मंद वेगाच्या गोळ्या अनिवार्य असतात, तेथे .३८ स्पेशलचा वापर सर्वाधिक दिसतो.