कड्यावर अडकलेला आणि कड्यावरून पडलेला

"आमचा एक जण कड्यावर अडकलाय, लवकर माणसं पाठवा." घाबरलेल्या मित्रांच्या फोनवर बरेचदा एवढंच सांगितलं जातं आणि रेंज जाते. तो माणूस धडधाकट आहे आणि वर-खाली होता येत नाही म्हणून कपारीला धरून उभा आहे, की वीस-पंचवीस फूट घसरून खालच्या टप्प्यावर आपटलाय, हे त्यातून कळत नाही. लांबून दोघं सारखेच दिसतात, कातळावरचा एक न हलणारा ठिपका. पण एकाला वाचवायला जे करायचं, तेच दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकतं.

दोन्ही प्रसंग घडतात ते बहुधा एकाच प्रकारच्या वाटेवर. धड पायवाट नाही आणि दोर लावून करायची प्रस्तरारोहणाची चढाईही नाही, अशी हातापायांनी चढायची वाट. ट्रेकर मंडळी तिला स्क्रॅम्बलिंग म्हणतात. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट घ्या किंवा कुठल्याही घाटवाटेतला एखादा कातळटप्पा. सह्याद्रीचा बेसाल्ट थराथरांचा आहे. टणक थराचा उभा कडा होतो, ठिसूळ थर झिजून त्याची अरुंद गवताळ पट्टी होते. त्या पट्टीवर मुरूम आणि वाळलेलं गवत असतं. खालून पाहिलं की वाटतं, एवढंच तर चढायचंय. दोर पाठीवरच्या सॅकमध्येच राहतो.

आधी अडकलेल्याचं बघू. चढताना डोळे हाताजवळ असतात, पुढची खोबण समोर दिसते. उतरताना ती पायाखाली जाते आणि पोट कातळाला टेकलेलं असल्यामुळे दिसतच नाही. त्यामुळे चढता येतं तिथून उतरता येईलच असं नाही. दोन-तीन टप्पे असे चढून गेल्यावर वर कातळ गुळगुळीत होतो, खाली पाहिलं की पोटात गोळा येतो आणि माणूस तिथेच थांबतो. मग पोटऱ्या लटलट कापायला लागतात. ती निव्वळ भीती नसते. चवड्यांवर उभं राहून पोटरीचे स्नायू थकलेले असतात. टाच खाली टेकवली, गुडघा सरळ केला आणि वजन हातांवरून काढून पायांवर टाकलं, तर थरथर बरीच कमी होते.

या माणसाला अजून काहीही झालेलं नाही, ही त्याच्या बाबतीतली सर्वांत मोठी गोष्ट आहे. त्याचं सगळं शरीर शाबूत आहे. म्हणून त्याने पहिली गोष्ट करायची ती म्हणजे पुढचा प्रयत्न न करणं. "एकदा बघतो, जमलं तर जमलं" हे वाक्यच अडकलेल्याला पडलेला करतं. बसता येत असेल तर कातळाला पाठ टेकून बसावं, सॅकचे बंद हातात गुंतवून ठेवावेत, पाणी घोट-घोट प्यावं, फोनची बॅटरी जपावी. वेळ बऱ्याच अंशी त्याच्या बाजूने असतो. चार तास लागले, सहा लागले, अगदी रात्र काढावी लागली तरी तो सहसा तगून जातो. मात्र पावसाळ्यात भिजलेल्या अंगावर कड्याचा वारा आणि एप्रिल-मेच्या उन्हात तापलेला कातळ, या दोन्हींत हा हिशेब लवकर बदलतो, हे मदतीला येणाऱ्यांना सांगायला हवं.

केरळमधलं 2022 सालचं उदाहरण बऱ्याच जणांना आठवत असेल. पालक्काड जिल्ह्यात मलमपुळा इथल्या डोंगरावर 7 फेब्रुवारीला एक 23 वर्षांचा तरुण मित्रांबरोबर चढायला गेला, घसरला आणि उभ्या कड्यातल्या एका खोबणीत जाऊन अडकला. पायाला जखम होती, पाणी नव्हतं, खाणं नव्हतं. त्याच्याजवळ फोन होता, त्यावरून त्याने आपण कुठे आहोत ते कळवलं. तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर येऊन गेलं, पण कड्याला इतकं लगटून त्याला काही करता आलं नाही. शेवटी लष्कराचं पथक रात्रीच डोंगरमाथ्यावर पोचलं आणि 9 तारखेला सकाळी एक जवान दोराने त्याच्यापर्यंत उतरला. आधी त्याला पाणी दिलं, मग पट्टा बांधला आणि वर घेतलं. चाळीस तासांहून जास्त वेळ तो त्या खोबणीत होता. एवढा वेळ तो वाचला कारण तो तिथेच राहिला. जखम असूनही त्याला लागलेली मदत मुळात अडकलेल्याची होती: वरून दोर, एक माणूस खाली, आणि धीर.

अडकलेल्याचे सोबती जे करू पाहतात त्यातलं एक मात्र फार धोक्याचं आहे. वरून ओढणी, बेल्ट किंवा मिळेल तो दोर सोडायचा आणि दोघा-तिघांनी मिळून त्याला ओढायचं. वर झाडाला किंवा भक्कम कातळाला काही बांधलेलं नसतं. खालच्याचा पाय सुटला की झटका वरच्यांच्या हातात येतो आणि तेही कडेकडे खेचले जातात. दोर कमरेला बांधून माणूस लोंबकळला तर छातीखाली आवळून श्वास कोंडतो. ज्याला दोराचं काम येत नाही त्याने माथ्यावर जाऊन कडेला वाकूसुद्धा नये. पायाने सुटलेला मुठीएवढा दगडही खालच्याच्या डोक्यात बसतो. आणि हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचा पट्टा) घालून दोराला निश्चेष्ट लटकलेला माणूस अडकलेल्यांत धरू नका. पाय न हलवता लटकून राहिल्याने रक्त पायांत साचतं आणि तो बेशुद्ध पडू शकतो. तिथे घाईच हवी. उतरवल्यावर त्याला सपाट झोपवावं.

पडलेल्याच्या बाबतीत सगळंच उलटं होतं. वेळ त्याच्या विरुद्ध असतो, आणि तरीही त्याला हात लावताना घाई चालत नाही. फोन पटकन, हात सावकाश. आपल्याकडे माणूस पडला की पहिली प्रतिक्रिया असते त्याला उठवून बसवायची, पाणी पाजायची आणि "चालता येतंय का बघ" म्हणायची. पाठीच्या कण्याला किंवा मानेला मार असेल तर या तिन्ही गोष्टी घातक ठरू शकतात. वरून दगड येत नसतील आणि तो आणखी घसरणार नसेल, तर तो पडला तिथेच राहू द्यावा. एकाने डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोकं स्थिर धरावं. त्याच्याशी बोलत राहावं. बोटं हलतात का, पावलांना स्पर्श कळतो का, हे विचारावं. हेल्मेट असेल आणि श्वास नीट चालू असेल तर ते काढू नये.

रक्त वाहत असेल तर जखमेवर कापड ठेवून सगळा भार देऊन दाबावं आणि दाबलेलंच ठेवावं. थांबलं का हे बघायला दर मिनिटाला कापड उचलू नये. हाता-पायातून धार लागली असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तरच जखमेच्या वरच्या बाजूला, धडाकडे, रुंद पट्टी काठीने पिळून घट्ट करावी आणि ती वेळ लिहून ठेवावी. बारीक दोरी वापरू नये, ती मांसात रुतते.

इथे आणखी एक गल्लत होते. पडलेला माणूस पांढराफटक पडलाय, घाम फुटलाय, छाती धडधडतेय. मित्र म्हणतात, घाबरलाय, होईल ठीक. असेलही. पण पोटात किंवा कंबरेच्या हाडांत आतल्या आत रक्तस्राव होत असला तरी माणूस अगदी असाच दिसतो, आणि बाहेर रक्ताचा थेंब नसतो. फरक ओळखायचा तो दर काही मिनिटांनी बघून. भीती असेल तर पाठीवर हात ठेवून बोलत राहिल्यावर दहा-पंधरा मिनिटांत नाडी उतरते, चेहऱ्यावर रंग येतो, माणूस "आईला सांगू नका हं" असलं काहीतरी बोलायला लागतो. रक्तस्राव असेल तर नाडी वाढत जाते, तहान लागते, हातपाय गार पडतात, तो अस्वस्थ होतो आणि मग हळूहळू गप्प होत जातो. बोटाचं नख पाच सेकंद दाबून सोडा. दोन सेकंदांत परत गुलाबी झालं तर बरं. रेंगाळलं आणि त्याचा हात नुसत्या थंडीने गारठलेला नसेल, तर ती वाईट खूण आहे. तरुण शरीर बराच वेळ सावरून धरतं आणि मग एकदम ढासळतं, म्हणून "अजून तरी ठीक दिसतोय" यावर विसंबू नये. अशा माणसाला पाणी पाजू नये, त्याला शस्त्रक्रिया लागू शकते. अडकलेल्याला पाणी आणि पडलेल्याला नाही, एवढं जरी लक्षात राहिलं तरी पुष्कळ.

डोक्याला मार लागलेल्याचं तर आणखी फसवं असतं. काही जण थोडा वेळ अगदी नीट बोलतात, उठून चालूही लागतात, आणि तासा-दोन तासांनी उलट्या, गुंगी सुरू होते, डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसते. "मला काही झालं नाही" हे पडलेल्याने स्वतः सांगितलेलं मी तरी धरत नाही. त्या क्षणी शरीर वेदना दाबून ठेवतं. म्हणून पडून मग कड्याच्या गवताळ पट्टीवर थांबलेला माणूस, म्हणजे पडलेलाही आणि अडकलेलाही, आधी पडलेलाच समजावा.

या फरकाचा सगळ्यात जास्त उपयोग होतो तो फोनवर. अडकलेल्यासाठी लागतात एक-दोन दोर, वरून उतरणारे दोघं-तिघं आणि माथ्यावर दोर बांधायला जागा. पडलेल्यासाठी स्ट्रेचर लागतं आणि घसाऱ्यावरून, म्हणजे सुट्या दगडमातीच्या उतारावरून, ते उतरवायला एका वेळी सहा-आठ खांदे, दमले की बदलायला तेवढेच आणखी. चुकीचा निरोप गेला तर दोन माणसं दोर घेऊन पोचतात आणि स्ट्रेचर यायला पुढचे तीन तास जातात. म्हणून 112 वर किंवा बचाव पथकाला सांगताना क्रम असा ठेवा: पडलाय की नुसता अडकलाय, पडला असेल तर किती उंचीवरून, शुद्धीत आहे का, कुठून रक्त येतंय, पायथ्याचं गाव कोणतं, आणि नकाशा ॲपमधले अक्षांश-रेखांश. जीपीएसला नेटवर्क लागत नाही. फोन लागत नसेल तर हेच एसएमएसने पाठवा, तो थोड्या रेंजमध्येही निघून जातो. शिट्टी असेल तर मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. ऐकणारा तीन शिट्ट्यांनी उत्तर देतो.

महाराष्ट्रात या कामासाठी धावून येणारे बहुतेक जण पगारी नाहीत. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, खोपोलीची यशवंती हायकर्स आणि अशीच ठिकठिकाणची मंडळी नोकरी-धंदा टाकून रात्री-अपरात्री निघतात. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर अशा पथकांची सांगड घालतं. त्याचा नंबर निघण्याआधीच फोनमध्ये असावा आणि पायथ्याच्या गावच्या पोलीस पाटलांचाही. कारण सर्वांत आधी पोचतो तो गावातलाच वाटाड्या, आणि कुठली नाळ, म्हणजे कड्यातली घळ, कुठे निघते हे त्याला नकाशापेक्षा जास्त ठाऊक असतं.

पथक येईपर्यंत सगळ्यांनी जखमीभोवती गर्दी करू नये. त्याच्याजवळ दोघं पुरेत. एकाने पायथ्याशी जाऊन पथकाला घेऊन यावं. अडकलेल्याच्या बाबतीत अजून एक माणूस समोरच्या धारेवर, जिथून तो ठिपका दिसतो तिथे, चार्ज असलेला फोन घेऊन बसवावा. माथ्यावर पोचलेल्या पथकाला कड्याखालचं काहीच दिसत नसतं. दोर डावीकडे टाकायचा की उजवीकडे, आणि किती फूट सोडायचा, हे त्यांना तोच सांगू शकतो.