रोजचं शास्त्रवाचन आणि रोजचा शास्त्राभ्यास: दोन्हींची मापं वेगळी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी ख्रिस्ती घरांत नव्या वर्षाच्या तोंडावर ‘यंदा रोज शास्त्राचा अभ्यास करायचा’ असं ठरतं (शास्त्र म्हणजे बायबल), आणि हातात घेतली जाते ती वर्षभराच्या वाचनाची यादी. गोंधळ इथूनच सुरू होतो. वाचन म्हणजे बांधावरून सगळं शिवार बघून येणं. अभ्यास म्हणजे एकाच वाफ्यात बसून भांगलण करणं. दोन्ही रोज करता येतात. पण एकाचं माप दुसऱ्याला लावलं की दोन्ही सवयी मोडतात.

वाचनाचं माप अध्याय. प्रोटेस्टंट प्रतीतल्या 66 पुस्तकांत मिळून 1189 अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर रोज तीन-चार अध्याय, म्हणजे पंधरा-वीस मिनिटं. पहिल्या पानापासून ओळीनं सुरुवात केली, तर उत्पत्तीचे 50 आणि निर्गमाचे 40 अध्याय संपून जानेवारीच्या शेवटी तिसरं पुस्तक, लेवीय, समोर येतं. तिथं अर्पणांचे आणि शुद्धाशुद्धतेचे नियम सुरू होतात आणि अनेकांचं वाचन थांबतं. त्यात चार दिवस चुकले की तेरा अध्यायांची बाकी चढते. ती फेडायला एका रात्री बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडत नाही. बाकी सोडून द्यावी आणि आजच्या तारखेचं वाचावं. राहिलेलं पुढच्या वर्षी येतंच.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यांनी पूर्ण शास्त्राची यादी घेऊच नये, असं आमचं मत आहे. नव्या कराराचे, म्हणजे शास्त्राच्या येशूपासून सुरू होणाऱ्या दुसऱ्या भागाचे, अध्याय 260. आठवड्याचे पाच दिवस रोज एक अध्याय धरला तर 52 आठवड्यांत बरोबर संपतो, आणि चुकलेलं भरून काढायला शनिवार-रविवार मोकळे राहतात. कॅथलिक घरांत तर वेगळी यादी करायचीही गरज नाही. मिस्साचे, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचे, रविवारचे पाठ तीन वर्षांच्या आणि इतर दिवसांचे दोन वर्षांच्या चक्रात ठरलेलेच असतात. मात्र कॅथलिक प्रतीत 73 पुस्तकं असतात. मोबाइलवरची यादी 66 पुस्तकांची असेल तर तोबीत, यहूदीथ, मक्काबी यांसारखी पुस्तकं तिच्यात नसतात, हे आधी बघून घ्यावं.

अभ्यासाचं माप अध्याय नव्हे. आठ-दहा वचनांचा (वचन म्हणजे अध्यायातलं आकडा घातलेलं एकेक वाक्य), कधी थोडा मोठा उतारा, त्याला विचारलेले प्रश्न आणि साधारण पंचवीस मिनिटं. वेळ संपली की जिथं थांबलो तिथं पेन्सिलीनं खूण करायची, उद्या तिथून पुढे. इथं तारीख नसते, म्हणून बाकीही चढत नाही.

फरक प्रत्यक्ष बघायचा तर मार्क 5:21–43 घ्या (मार्क हे नव्या करारातलं येशूचं चरित्र, त्याचा पाचवा अध्याय, वचनं 21 ते 43). वाचनात हा उतारा चार मिनिटांत होतो: याईर नावाच्या माणसाची मुलगी आजारी आहे, तो येशूला बोलवायला येतो, वाटेत रक्तस्रावाची बाई बरी होते, शेवटी मुलगी उठते. अभ्यासात हीच 23 वचनं तीन-चार दिवस पुरतात. पहिल्या दिवशी फक्त पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टी टिपायच्या. बारा वर्षं दोनदा येतात: 25 व्या वचनात बाईचं दुखणं, 42 व्यात मुलीचं वय. याईर पाया पडतो (22), बाईही पाया पडते (33). याईर आपल्या लेकीसाठी विनवतो (23), आणि येशू त्या बाईलाच मुलगी म्हणून हाक मारतो (34). दुसऱ्या दिवशी प्रश्न लिहायचे. गर्दीत एवढे जण धक्के देत असताना हिलाच भीतीनं कापरं का भरलं? उत्तर लेवीय 15:25–27 मध्ये आहे: अशा बाईचा स्पर्श अशुद्ध करणारा मानला जाई. मेलेल्याला शिवणंही तसंच, गणना 19:11. म्हणजे या एका उताऱ्यात विटाळ लागणारे दोन स्पर्श आहेत आणि दोन्हींचा शेवट जीवनात होतो. ज्या लेवीयापाशी वाचन अडतं, तेच इथं दार उघडून देतं. तिसऱ्या दिवशी मत्तय 9:18–26 शेजारी ठेवा. तिथं हीच घटना नऊ वचनांत आहे आणि बाप आल्या आल्याच मुलगी मेल्याचं सांगतो. मार्कात ती वाटेतल्या खोळंब्यात मरते. ‘भिऊ नकोस, विश्वास धर’ हे याईरानं त्या बाईचा विश्वास नुकताच डोळ्यांनी बघितल्यावर ऐकलेलं आहे.

यासाठी साधी दोनशे पानी वही पुरते. डाव्या पानावर फक्त जे लिहिलेलं आहे ते: कोण, कोणाला, कुठं, आधी काय घडलं, ‘म्हणून’ आणि ‘कारण’ कुठं येतात. उजव्या पानावर प्रश्न. उत्तर आधी त्याच पुस्तकात शोधायचं, मग समासातल्या संदर्भांत, आणि भाष्यग्रंथ सगळ्यात शेवटी. भाष्य आधी उघडलं की आपले प्रश्न सुचायचेच बंद होतात. पुष्कळांचा अभ्यास याच एका कारणानं रटाळ होतो. शेवटी एक ओळ: यावरून आज काय करायचं. ‘प्रीती करावी’ असं मोघम नको, ‘संध्याकाळी थोरल्या भावाला फोन’ असं लिहावं.

आणखी एक चूक अध्यायाच्या शेवटी थांबण्याची. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली. नव्या करारात वचनांचे आजचे आकडे 1551 साली आले. मूळ लेखकांनी ते घातलेले नाहीत. नव्या करारातल्या फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय ‘म्हणून’नं सुरू होतो, त्याचं कारण तिसऱ्याच्या शेवटी आहे. वाचनात अध्यायापाशी थांबलं तर बिघडत नाही, अभ्यासात अर्थ तुटतो.

घरच्या प्रार्थनेत मोठ्यानं वाचायचं ते वाचनच ठेवावं. तिथं अभ्यास लादला की पोरं पेंगतात आणि म्हातारी माणसं अवघडतात. आजीची प्रत मराठी आणि कन्नड शाळेतल्या नातवाची कन्नड असली तरी पुस्तक, अध्याय, वचन सांगितलं की दोघांनाही जागा सापडते. रोज एकानं वाचावं, बाकीच्यांनी आपापल्या प्रतीत बोट ठेवावं.

दिवसाला वीस-पंचवीस मिनिटंच मिळत असतील तर दोन्ही एकाच पुस्तकावर आणावीत. फिलिप्पैकरांस पत्र यासाठी उत्तम: चार अध्याय, 104 वचनं. रविवारी पूर्ण पत्र एका बैठकीत मोठ्यानं वाचायचं, पंधरा-वीस मिनिटं लागतात. सोमवार ते शनिवार रोज चार-पाच वचनांचा अभ्यास. साधारण चार आठवड्यांत पत्र होतं आणि तोवर ते चार-पाच वेळा सबंध वाचूनही होतं. पुढं याकोबाचं पत्र (108 वचनं), मग रूथ (85 वचनं). मार्क त्यानंतर, सोळा अध्याय आहेत, घाई करू नये.

वेळ घड्याळाला बांधू नये. उद्यमबागेतल्या कारखान्यात पाळी बदलली की ‘पहाटे पाच’ टिकत नाही. खानापूरकडे रोपलावणीच्या दिवसांत अंग इतकं मोडतं की रात्री वही उघडवत नाही. त्यापेक्षा कामाला बांधावं: आंघोळ झाल्यावर चहाच्या आधी, किंवा पाळीवरून येऊन जेवण झाल्यावर, अंथरुणावर पडण्याआधी. सुगीत, लावणीत अभ्यास बाजूला ठेवून एक अध्याय वाचावा आणि वहीतली पेन्सिलीची खूण तशीच राहू द्यावी.